स्कायडायव्हर्सना वर न्यायला प्रायव्हेट लायसन्स पुरतं का?

रानवारा:
अमेरिकेत प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलंय, उड्डाणाचे १६५ तास झालेत. एका ड्रॉप झोनवाल्यांनी (पॅराशूट उड्यांचं केंद्र) विचारलंय: सेस्ना १८२ विमान आमचं, इंधन आमचं, तू फक्त उडी मारणाऱ्यांना वर सोड, पैसे नाहीत, पण तास मिळतील. मी एक सेंटही घेणार नाही, मग कमर्शियल लायसन्स (पैसे घेऊन उडवायचं) कशाला? शिवाय अमेरिकी विमान नियमांच्या पार्ट ११९ मध्ये उड्यांना सूट आहे म्हणतात.

पंख१८२:
सहा वर्षं हेच काम करतोय. स्पष्ट नाही म्हण. फुकट मिळालेले तास हाच मोबदला, एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, असंच धरतं. प्रायव्हेट पायलटचा नियम ६१.११३ वाच. ११९ ची सूट धंदा चालवणाऱ्याला आहे: निघालेल्या विमानतळापासून २५ मैलांच्या आत, मध्ये कुठे न उतरता उड्डाण असेल तर त्याला वेगळं ऑपरेटर सर्टिफिकेट लागत नाही. तुझ्या लायसन्सशी तिचा काही संबंध नाही.

मेघना_एन:
आणि खर्च वाटून घेतला तर?

पंख१८२:
पायलट धरून पाच जण असतील तर निदान पाचवा हिस्सा पायलटचा, तोही फक्त इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि भाडं यांतलाच. वर उड्डाणामागचा हेतू सगळ्यांचा एकच हवा. पैसे भरून उडी मारायला आलेली माणसं त्यात बसत नाहीत.

रानवारा, कागद बाजूला ठेव. दार उजवीकडे, सीट फक्त तुझी, बाकीचे जमिनीवर. पहिला माणूस दाराबाहेरच्या पायरीवर उभा राहिला की नाक उजवीकडे ओढलं जातं, डाव्या रडरवर पाय रोवावा लागतो आणि वेग तर आधीच कमी केलेला असतो. एकदा दार उघडताना एकाच्या राखीव पॅराशूटचा फ्लॅप सुटलेला दिसला. मागच्या मुलीनं त्यावर तळहात दाबून धरला आणि मी ओरडून दार लावून घेतलं. पॅराशूटचं कापड बाहेर गेलं असतं तर शेपटीत अडकलं असतं. खाली उतरेपर्यंत तिनं हात काढला नाही. अशा वेळी पायलटकडे भरपूर तास असावेत असं मला मनापासून वाटतं.

रानवारा:
उद्याच नकार कळवतो. पण कमर्शियलच्या २५० तासांना अजून ८५ कमी आहेत, दादा.

पंख१८२:
पीआयसी, म्हणजे विमानाचा मुख्य पायलट म्हणून उडवलेले तास, किती?

रानवारा:
१०४, सगळे सिंगल इंजिनवर.

पंख१८२:
मग ग्लायडर (बिनइंजिनचं विमान) क्लब गाठ. ग्लायडर ओढायला प्रायव्हेटवाल्यांना नियमातच मुभा आहे. नियम ६१.६९ प्रमाणे १०० पीआयसी तास लागतात, ते तुझे झालेत. प्रशिक्षण घे, लॉगबुकात सही घे. ते तास तुझ्या नावावर चढतील.