क्रूझवरचा दुपारचा चहा: तुमचे अनुभव लिहा

निळीशाई

जुलैमध्ये आई-बाबा आमच्याकडे लंडनला येतायत. त्यांना घेऊन साउथहॅम्प्टनहून नॉर्वेच्या क्रूझला जायचं ठरतंय. फ्योर्ड (डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्या), हिमनद्या, सगळं ठीक. पण आईचा जीव माहितीपत्रकातल्या एकाच फोटोत अडकलाय: तीनमजली ताटली, पांढरे हातमोजे घातलेला वेटर आणि चकचकीत किटली. "हे भाड्यातच असतं ना गं?" असं तिने दोनदा विचारून झालं. बाबांची शंका वेगळी: "चार वाजता एवढं हादडलं तर सहाला जेवायचं कसं?"

ज्यांनी जहाजावर हा चहा घेतलाय त्यांनी लिहा. काय मिळालं, कपडे काय लागतात, जास्तीचे पैसे पडले का, शाकाहाऱ्यांचे हाल होतात का. आई अंडं खाते, बाबा नाही. अवांतरही चालेल.

रेडिंगकर

आम्ही क्यूनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ जहाजाने साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क गेलो. सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. चहूकडे नुसतं करडं पाणी. अशा वेळी साडेतीनचा चहा हा दिवसातला मोठा कार्यक्रम होऊन बसतो. तो होतो क्वीन्स रूममध्ये, म्हणजे डेक ३ वरच्या बॉलरूममध्ये. रात्री जिथे जोडपी नाचतात तिथेच दुपारी टेबलं. जागा आधी धरता येत नाही, त्यामुळे तीनपासून दाराशी माणसं घुटमळायला लागतात. खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर तुम्हीही घुटमळा, लाजू नका.

ठरल्या वेळी वाद्यं सुरू होतात आणि वेटर रांगेने आत येतात. आधी चहा. मग सँडविचं: कडा कापलेली, बोटाएवढी. काकडीचं, अंडं-मेयोनीजचं, स्मोक्ड सामनचं, हॅमचं. वेटर ट्रे घेऊन फिरतो, चिमट्याने ताटलीत ठेवतो, पुन्हा विचारतो. मग गरम स्कोन (पाव आणि बिस्किटाच्या मधला गोल प्रकार), स्ट्रॉबेरी जॅम आणि क्लॉटेड क्रीम. शेवटी छोटे केक, टार्ट, एक्लेअर. सगळं भाड्यात.

त्या क्रीमबद्दल थोडं. हे फेटलेलं क्रीम नव्हे. दूध किंवा क्रीम मंद आचेवर तापवून सावकाश निवू देतात, वर जाड थर धरतो तो काढून घेतात. म्हणजे आपली म्हशीच्या दुधाची साय, फक्त अजून घट्ट. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्याच्या क्लॉटेड क्रीममध्ये निदान ५५ टक्के स्निग्धांश असावाच लागतो. आमच्या टेबलावर एक शेजारच्या डेव्हन परगण्याचं आणि एक कॉर्नवॉलचं जोडपं होतं. डेव्हनवाले आधी क्रीम लावून वर जॅम घालतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. अर्धा तास वाद चालला, आवाज एकदाही चढला नाही. अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवतात याचा कंटाळा करू नका, खरी मजा तिथेच.

फोडणीचीपोळी

क्रीम-स्कोन जाऊ द्या. चहा चहासारखा असतो का, ते कुणी सांगेल का?

रेडिंगकर

नसतो. :) आल्याचा, उकळलेला, दुधाळ चहा विसरा. पुरचुंडीचा किंवा किटलीतला काळा चहा आणि बाजूला थंड दूध. अर्ल ग्रे अजिबात घेऊ नका, त्यात बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या सालीचं तेल असतं, आईंना अत्तर प्यायल्यासारखं वाटेल. इंग्लिश ब्रेकफस्ट किंवा आसाम मागायचा, "स्ट्राँग" म्हणून सांगायचं, दूध कमी घालायचं.

खडीसाखर

माझ्या सासूबाईंनी यावर तोडगा काढला होता. पर्समध्ये सुंठ-वेलचीची पूड, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत. वेटर ओतून पुढे गेला की चिमूटभर कपात. शेजारच्या ब्रिटिश बाईंनी चौकशी केली, मग त्यांच्या कपात, मग त्यांच्या मैत्रिणीच्या. उतरण्याआधी बाटली रिकामी.

प्रवासी किटली मात्र सामानात नेऊ नका. आगीच्या भीतीने इस्त्री, किटली असल्या वस्तू चढतानाच काढून ठेवतात. पी अँड ओ आणि क्यूनार्ड या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर केबिनमध्ये किटली असतेच. बाबांचा सकाळचा प्रश्न त्यावर सुटेल.

मायामीवाला

ब्रिटिश जहाजांचं कौतुक वाचून हेवा वाटला. आमची कॅरिबियन क्रूझ होती, कंपनीचं नाव लिहीत नाही. कार्यक्रमपत्रिकेत "आफ्टरनून टी" वाचून बायको साडी नेसून आली. बुफेच्या एका कोपऱ्यात कोरडी बिस्किटं, थंडगार सँडविचं आणि गरम पाण्याचा थर्मास. त्या थर्मासात आधी कॉफी असणार, कारण चहाला कॉफीचा वास. पाणीही कोमट, पुरचुंडी बुडवली तर रंग चढेना. तिकडच्या लोकांना त्याचं काही नाही, ते पूलपाशी आइसक्रीमच्या रांगेत होते. बुकिंगआधी हा चहा वाढतात की मांडून ठेवतात, एवढं विचारा.

घाटमाथा

सगळ्या अमेरिकी कंपन्या तशा नाहीत. अलास्काला हॉलंड अमेरिकाच्या जहाजावर डायनिंग रूममध्ये बसवून व्यवस्थित चहा दिला होता. बाहेर हिमनग, आत स्कोन. तक्रारीला जागा नव्हती.

तारवटी

मी वेंगुर्ल्याचा. बरीच वर्षं जहाजांवर डायनिंगला होतो, आता घरी असतो. आमच्या बाजूला आणि गोव्यात जहाजावर जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पी अँड ओच्या बोटींवर गोव्याचे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड एकोणिसाव्या शतकापासून. त्यामुळे छातीवरच्या पट्टीवर फर्नांडिस किंवा डिसोझा दिसलं तर खुशाल मराठीत बोलून बघा, निम्म्या वेळा उत्तर मिळेल.

आता आतली बाजू. दुपारचं जेवण उरकून टेबलं आवरली की हीच पोरं चहाला आणि हीच पोरं सहाला रात्रीच्या जेवणाला. मध्ये पाठ टेकायला मिळाली तर मिळाली. ते पांढरे हातमोजे फोटोत छान दिसतात, पण सुती मोज्यांतून भरलेल्या किटलीचा दांडा निसटतो, आणि चहा सांडला की मोज्यातला हात भाजतो. नवीन पोराला पहिले काही दिवस सँडविचचा ट्रे देतात, किटली नंतर. समुद्र खवळला तर टेबलक्लॉथवर थोडं पाणी शिंपडायची जुनी युक्ती आहे. ओल्या कापडावर बशा सरकत नाहीत. कपही तेव्हा पाऊणच भरतात. कंजूषपणा समजू नका.

स्कोन भट्टीतून घाण्याघाण्याने येतात. पहिला घाणा लोणी विरघळेल असा गरम, शेवटचा तेवढा नाही. म्हणून वेळेवर या. आणि पहिल्याच फेरीत चार सँडविचं घेऊ नका, ट्रे परत फिरतो.

शाकाहाराचं नीट सांगतो, इथे बऱ्याच जणांची फसगत होते. वेटरला ऐन गर्दीत "यात अंडं आहे का?" विचारलं तर तो बिचारा अंदाजाने सांगेल. स्कोनच्या वर चकाकीसाठी अंडं फासलेलं असू शकतं. मूस आणि जेलीत जिलेटिन असतं, ते जनावराचं. केक तर अंड्याचेच. बुकिंगच्या वेळी लिहून कळवा, आणि जहाजावर चढलात की पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटून सांगा: शाकाहारी, अंडं नाही, जिलेटिन नाही, चहालासुद्धा. शेवटचा शब्द महत्त्वाचा. जेवणाचं सगळे सांगतात, चहाचं राहतं. आदल्या दिवशी कळलं तर बिनअंड्याचं वेगळं ताट बनतं.

चष्मिष्ट

बाबांच्या प्रश्नाला थोडा इतिहास. ही पद्धत १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी पाडली असं सांगतात. तेव्हा बड्या घरांत रात्रीचं जेवण आठ-नऊपर्यंत लांबायचं, मध्ये पोटात कावळे ओरडायचे, म्हणून चहा आणि खाणं. जहाजावर मात्र सकाळी नाश्ता, दीडला जेवण, सहाला पुन्हा जेवण. ज्या भुकेसाठी हे सगळं निघालं ती भूकच गैरहजर. बाबांची शंका रास्त आहे. जेवणाची दुसरी पंगत मिळत असेल तर ती घ्या, साडेआठच्या आसपास असते.

आणि तुम्ही न्यूयॉर्कहून परत येत असतात तर हाल विचारू नका. क्यूनार्ड पूर्वेकडे येताना भर दुपारी घड्याळ तासभर पुढे ढकलते. बाराचा एक. जेवून उठेपर्यंत चहाची रांग लागलेली.

बेलापूरची_लेक

आम्ही मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझने गोव्याला गेलो. जहाज 'एम्प्रेस', १९९० चं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. हातमोजे नाहीत, व्हायोलिन नाही. मसाला चहा आणि भजी, शेजारी सुरतेचं पंचवीस जणांचं कुटुंब, त्यांनी स्वतःचे खाखरे काढले. माझ्या आईला इंग्लंडातल्या चहापेक्षा हाच आवडेल, पण तुमच्या आईंना फोटोतलाच हवाय, त्यामुळे हे नुसतं नोंदीसाठी.

खडीसाखर

फोटोवरून आठवलं. निळीशाई, ती तीनमजली ताटली बहुधा पैसेवाल्या चहाची असेल. पी अँड ओच्या ब्रिटानियावर आम्ही एपिक्युरियन रेस्टॉरंटमध्ये घेतला होता, एरिक लॅनलार्ड या पेस्ट्री शेफच्या नावाचा मेनू. जागा आधी धरावी लागते, पैसे खात्यात पडतात. केक देखणे, गर्दी नाही, टेबल आपलं एकट्याचं. भाड्यातला चहाही त्याच जहाजावर होता, तिथे ट्रे फिरवतात. माझं मत विचाराल तर एकदा पैसेवाला घ्या, आईंचा फोटो होऊन जाऊ दे, बाकीचे दिवस फुकटचा. चवीत एवढा फरक नाही, थाटात आहे.

निळीशाई

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! हेड वेटरचं तर ठाऊकच नव्हतं. कंपनीला बाबांचं लिहून कळवलं. आता कुठल्या दिवशी जायचं? आठवड्याची सहल आहे, चार बंदरं.

घाटमाथा

साउथहॅम्प्टनहून नॉर्वेला जाताना पहिला दिवस आणि येताना शेवटचा दिवस पूर्ण समुद्रात जातो. पहिल्या दिवशी जा. शेवटच्या दिवशी सगळं जहाज तिथे लोटतं. आणि सहलीत गैरांगर फ्योर्ड असेल तर जहाज फ्योर्डमधून निघण्याची वेळ आधी बघून ठेवा. ऐन त्या वेळी चहाला बसलात तर 'सात बहिणी' धबधबा मागे पडेल आणि आई केक निवडत असतील.

निळीशाई

नोंद केली. आई विचारतेय, कपड्यांचं काय? काठापदराची पैठणी नेसली तर फार होईल का?

तारवटी

दुपारी नियम फारसे नसतात, पोहण्याच्या ओल्या कपड्यांत आणि चड्डी-बनियनवर येऊ नये एवढंच. पैठणी उत्तम. फक्त पदराला पिन लावायला सांगा, वेटर खांद्यावरून वाकून ओततो.