कोपराचं दुखणं, उपचार आणि सांधाबदल: बडोदेकरांचे अनुभव हवेत

गुडघे बदललेली माणसं आपल्या दांडिया बाजारात पावलोपावली भेटतात. कोण डॉक्टर, कसला सांधा, जिना कधी चढता आला, सगळं ओट्यावर बसल्या बसल्या कळतं. कोपर बदललेलं माणूस मात्र शोधून सापडेना. सासूबाईंना जुना आमवात आहे. उजवं कोपर पार झिजलंय, घास घ्यायला मान खाली आणावी लागते. सर्जननी सांधाबदल सुचवलाय. घरात कुणाचं झालं असेल तर लिहाच. कोपराच्या बाकी कुरबुरीही चालतील. डॉक्टर-हॉस्पिटलची नावं इथे नकोत.

मांजलपूरकर
माझ्या आईचं झालंय, आमवातामुळेच. दंडाच्या हाडात एक दांडी, कोपराखालच्या आतल्या बाजूच्या हाडात दुसरी, दोन्ही सिमेंटने बसवलेल्या आणि मध्ये बिजागरी. बिजागरीत प्लास्टिकचं अस्तर असतं, कालांतराने झिजतं ते तेच.
आमच्या सर्जननी कोपराला गूळ लावला नाही, हे त्यांचे उपकार. आधीच बजावलं: एका वेळी साधारण ५ किलोच्या वर उचलायचं नाही, वारंवार उचलायची वस्तू १ किलोच्या आत. आणि हे पथ्य जन्मभराचं. आई म्हणाली, "मग भरलेला कुकर कोण उतरवणार?" तेव्हापासून बाबा उतरवतात, कुरकुरत का होईना.
सुरुवातीला हाताने रेटा देऊन खुर्चीतून उठायला बंदी होती. मागचा ट्रायसेप्स स्नायू बाजूला करून सांधा बसवलेला असतो, तो धरेपर्यंत जपावं लागतं. करंगळी बरेच दिवस बधिर होती, कारण तिची नस कोपराला चिकटूनच जाते. जखमेकडे डोळ्यात तेल घालून पाहा. कोपराच्या मागे कातडी पातळ, खाली मांस नाही, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती गुडघ्यापेक्षा जास्त.
पण दुखणं गेलं. आता स्वतःची वेणी स्वतः घालते. पहिल्यांदा घातली तेव्हा तिरकी झाली होती, तरी दिवसभर सोडली नाही.

अगाशीवाला
आमचं दुखणं किरकोळ, पण छळलं भरपूर. उत्तरायणाला दोन्ही दिवस पेच लढवले, त्याआधी दुकानात स्क्रू पिळून हात आंबलेलाच. नंतर चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ यायची की कप खाली. डॉक्टरांनी हात सरळ ठेवून मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून दाबलं. मी ओरडलो. म्हणे टेनिस एल्बो! जन्मात रॅकेट धरलेली नाही.
स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, जादूच वाटली. काही आठवड्यांनी दुखणं दुपटीने परत. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की इंजेक्शनने तात्पुरतं बरं वाटतं, पण लांबच्या हिशेबात फायदा नाही, बहुतेकांचं वर्षभरात आपोआप बसतं. मग पट्टा आणि एकच व्यायाम: पाण्याची बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं, वर आणताना दुसऱ्या हाताने आधार. कंटाळवाणा आहे, पण लागू पडला. यंदा अगाशीवर मी फिरकी धरून "लपेट" ओरडायला.

वाडीची मावशी
भाच्याचं सांगते. मलखांबावरून पडला, कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात आखडलेला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एका मालिशवाल्याकडे नेलं. तेल लावून, रडत्या पोराचा हात जोर करून सरळ करायचा, असं रोज. हात आणखीच गोठला. एक्स-रेत दिसलं की स्नायूतच हाड धरलंय. पुढे ते हाड पक्कं होईपर्यंत थांबून ऑपरेशन करावं लागलं.

धागाकर्ती
मावशी, हे सगळ्यांनी वाचावं. आपल्याकडे "जरा तेल लावून ओढा" सांगणारे प्रत्येक घरात आहेत.

रात्रपाळी
करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री मुंग्यांनी भरायची. मला वाटलं मानेचं असेल. नसेची तपासणी केली, नस कोपरात दबलेली निघाली. कोपर दुमडून झोपायची आणि फोन कानाला लावून बसायची सवय. आता रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून झोपतो, म्हणजे हात दुमडत नाही. सध्या तेवढ्यावर भागतंय.

कमाटीबागेतले आजोबा
नातीला मनगटं धरून झोके दिले. हात लटका पडला, रडून आकांत. कोपराचं हाड जागचं जरा सरकलं होतं. डॉक्टरांनी हात फिरवून दुमडला, बारीकसा 'टक्' आवाज, आणि थोड्याच वेळात पोरगी त्याच हाताने फुगा मागत होती. पाचच्या आतल्या मुलांना काखेत धरून उचला.

फिजिओ, रावपुरा
पेशंट येतात ते "हात पूर्ण सरळ होईल ना?" विचारत. पूर्ण सरळ हात म्हणजे ० अंश धरला, तर रोजची बहुतेक कामं कोपर ३० ते १३० अंश दुमडण्यात होतात. जेवायला, केस विंचरायला हात दुमडणं जास्त महत्त्वाचं, थोडा सरळ नाही झाला तर अडत नाही.
हल्ली आमवाताची औषधं वेळेवर सुरू होतात, म्हणून इतकी झिजलेली कोपरं कमी दिसतात. उलट पडून दंडाच्या खालच्या टोकाचा चुरा झालेल्या वयस्करांत कधीकधी थेट सांधाबदल करतात. ओझं उचलणाऱ्या तरुण माणसाला सहसा नाही सुचवत, सांधा ढिला होतो.
धागाकर्ती ताई, सासूबाईंसाठी दोन गोष्टी. आमवातात मानेचे मणकेही सैल झालेले असू शकतात, भूल देण्याआधी मानेचा एक्स-रे झालाय का विचारा. दुसरं, आमवाताची कोणती औषधं चालू ठेवायची आणि कोणती आधी थांबवायची, ते संधिवाततज्ज्ञांकडून लिहून घ्या. आणि हो, त्यांचे गुडघे कसे आहेत? वॉकर लागणार असेल तर सगळा भार कोपरावर येतो, म्हणून बऱ्याचदा पाय आधी करतात.

धागाकर्ती
डावा गुडघा झालाय, उजवा बाकी आहे. गुडघ्याचे डॉक्टर वेगळे आणि कोपराचे वेगळे, त्यामुळे हे कुणीच बोललं नव्हतं. शुक्रवारच्या भेटीला दोन्ही फायली घेऊन जाते.