जावास्क्रिप्टमध्ये नेस्टेड (एकात एक असलेल्या) ऑब्जेक्टमधला बदल कसा पकडता?

अर्धविराम:
सेटिंग्जचा फॉर्म आहे, सगळा डेटा एकाच ऑब्जेक्टमध्ये, तीन-चार पातळ्या खोल. काही बदललं असेल तरच सेव्हचं बटण चालू व्हावं आणि सर्व्हरला फक्त बदललेला भाग जावा. सध्या जेसन.स्ट्रिंगिफायने आधीच्या आणि आत्ताच्या ऑब्जेक्टचा मजकूर (स्ट्रिंग) बनवून दोन स्ट्रिंग ताडून बघतोय, पण कधीकधी काहीच न बदलता बटण पेटतं. प्रॉक्सी (ऑब्जेक्टवरचं वाचणं-लिहिणं अडवून बघणारं वेष्टन) लावली, तर वरच्या पातळीचे बदल कळतात. थीमच्या आतला रंग बदलला की चिडीचूप. तुम्ही काय वापरता? लायब्ररी चालेल, पण लहान हवी.

रिकामी_ओळ:
बटण पेटतं ते बहुधा कीजच्या (ऑब्जेक्टमधल्या नावांच्या) क्रमामुळे. डेटा तोच, पण क्रम बदलला की स्ट्रिंग वेगळी. याच्या उलटं होतं ते जास्त वाईट: अनडिफाइन्ड असलेली की गायब होते, नॅनचा नल होतो, मॅपच्या जागी नुसता रिकामा महिरपी कंस येतो. म्हणजे बदल होऊनही पत्ता लागत नाही.

प्रॉक्सी फक्त स्वतः गुंडाळलेल्या ऑब्जेक्टवर पहारा देते. सेटिंग्ज.थीम.रंग बदलताना सेटिंग्जवर नुसतं गेट (वाचणं) होतं. सेट (लिहिणं) होतं ते आतल्या थीमवर, आणि ती उघडीच आहे. म्हणून गेट ट्रॅपमध्ये (वाचणं अडवणाऱ्या प्रॉक्सीच्या फंक्शनमध्ये) ऑब्जेक्ट हाती आला की त्याचीही प्रॉक्सी करून परत द्या. बनवलेल्या प्रॉक्सी वीकमॅपमध्ये (मूळ ऑब्जेक्ट हीच की असलेल्या साठ्यात) ठेवा, नाहीतर दरवेळी नवी बनते आणि सेटिंग्ज.थीम === सेटिंग्ज.थीम हेसुद्धा फॉल्स येतं. (माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती.) डिलीटसाठी वेगळा ट्रॅप लागतो. डेट, मॅप, सेट या प्रकारांचे ऑब्जेक्ट गुंडाळू नका, त्यांच्या मेथड्स टाइपएरर देतात.

तिरका_बाण:
सगळं बरोबर, पण या कामाला प्रॉक्सी कशाला? कोणी निळ्याचा लाल केला आणि परत निळा केला, तर प्रॉक्सी दोन बदल सांगेल. बटण मात्र बंद व्हायला हवं! कधी बदललं याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही, मुळापेक्षा आत्ता काय वेगळं आहे ते हवंय.

फॉर्म लोड झाला की स्ट्रक्चर्डक्लोन या फंक्शनने सगळ्या पातळ्यांची प्रत काढून ठेवा. 2022 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. स्प्रेडने (तीन टिंबांनी) काढू नका. ती कॉपी एकाच पातळीची, आतली थीम दोन्हीकडे तीच राहते. मग मूळ प्रत आणि आत्ताचा ऑब्जेक्ट ताडायला मायक्रोडिफ ही छोटी लायब्ररी वापरा: कुठल्या पाथवर काय आलं, गेलं, बदललं त्याची यादी मिळते. यादी रिकामी, तर बटण बंद. लोडॅश लायब्ररीचं इझईक्वल फक्त हो किंवा नाही सांगतं, पाथ देत नाही.

एकच खोच: ॲरेच्या सुरुवातीला घटक घुसवला की इंडेक्स सरकतात आणि पुढचं सगळंच बदललेलं दिसतं. तिथे आयडीने जोड्या लावा, नाहीतर सरळ अख्खी ॲरे पाठवा.

अर्धविराम:
निळा-लाल-निळा डोक्यातच आलं नव्हतं. करून पाहिलं, पण स्ट्रक्चर्डक्लोन डेटाक्लोनएरर देतोय.

तिरका_बाण:
ऑब्जेक्टमध्ये कुठे फंक्शन आहे का? त्याचा क्लोन होत नाही.

अर्धविराम:
एकही नाही.

रिकामी_ओळ:
आधीची प्रॉक्सी अजून तशीच आहे का? प्रॉक्सीचाही क्लोन होत नाही.

अर्धविराम:
आहे. काढतो.