टायटॅनियम टॉर्चचे आटे खरखरतात, मदत हवी आहे
ग्रेड ५ टायटॅनियमची (ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेल्या मिश्रधातूची), खास घडवून घेतलेली टॉर्च मी दोन वर्षे रोज वापरतो आहे. तिला गंज चढलेला नाही आणि तापवून आणलेला निळा-जांभळा रंग अजूनही मोहवतो (ओरखडे भरपूर पडले, पण मला तेही शोभूनच दिसतात). अडचण आट्यांची आहे. टायटॅनियमवर टायटॅनियम घासले की पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात, हे ठाऊक असल्याने मी ग्रीस लावतो, तरीही मागचे झाकण फिरवताना खरखर होते. विद्युतप्रवाहात अडथळा न आणणारे आणि रबरी ओ-रिंग न फुगवणारे कोणते ग्रीस वापरावे? शिवाय या मिश्रधातूची उष्णतावाहकता नेहमीच्या ६०६१ ॲल्युमिनियमच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असल्याने टॉर्चचा दिव्याकडचा भाग लवकर तापतो. आत तांब्याचा भाग बसवून कोणाला फरक जाणवला आहे का?