अ‍ॅथलेटिक्स बेसबॉल संघाचा इतिहास: स्थापना, विजेतेपदं आणि स्थलांतरं नेमकी कशी मोजायची?

डावखुरा_पिचर:

अमेरिकन लीगमधल्या अ‍ॅथलेटिक्सचा हंगामवार तक्ता करायला घेतलाय. वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकमेकींशी जुळेना, म्हणून धागा काढला.

१) स्थापना कुठे १८६०, कुठे १८८२, तर कुठे १९०१ दिसते. कोणतं वर्ष धरायचं?
२) वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम विजेतेपदाची लढत, जिंकल्या ९ की ४? दोन्ही आकडे सापडतात.
३) जुना मॅनेजर-मालक कॉनी मॅकने भरात असलेला संघ दोनदा विकला, असं सगळीकडे एका ओळीत उरकलेलं असतं. कारण काय?
४) कॅन्सस सिटी आणि तिथून ओकलंड, ही स्थलांतरं का झाली?
५) २०२५ पासून शहराचं नाव काय लिहायचं?

'मनीबॉल' चित्रपटामुळे २००२ बद्दल भरपूर वाचायला मिळतं, त्यामुळे त्यावर थोडक्यात सांगितलंत तरी चालेल.

जुनी_स्कोअरशीट:

१९०१ धरा. बाकीची वर्षं नावातल्या सारखेपणामुळे घुसतात. फिलाडेल्फियात 'अ‍ॅथलेटिक' नावाचा क्लब १८६० च्या दशकात होताच. १८७१ मध्ये नॅशनल असोसिएशनचं पहिलं विजेतेपद त्यानेच मिळवलं. १८७६ मध्ये तो नव्या नॅशनल लीगमध्ये गेला, पण पैसे संपल्यामुळे हंगामाअखेरचा पश्चिमेकडचा दौरा टाळला आणि लीगने त्याला काढून टाकलं. १८८२ चा क्लब त्याहून वेगळा. तो अमेरिकन असोसिएशनचा, आणि १८८३ चं विजेतेपद त्याचं. या दोन्हींचा आणि तुमच्या संघाचा संबंध फक्त नावापुरता आहे. १९०१ चा संघ बॅन जॉन्सनच्या अमेरिकन लीगसाठी नव्याने उभा राहिला. भांडवल बेन शाईबचं, मॅनेजर आणि भागीदार कॉनी मॅक.

आता ९ की ४. फ्रँचायझी, म्हणजे शहर बदललं तरी तोच संघ, मोजली तर ९: १९१०, १९११, १९१३, १९२९, १९३० फिलाडेल्फियात आणि १९७२, १९७३, १९७४, १९८९ ओकलंडमध्ये. फक्त ओकलंड मोजलं की ४ येतात. अधिकृत हिशोब फ्रँचायझीचाच असतो, म्हणून तक्त्यात ९ लिहा आणि शहरासाठी वेगळा रकाना ठेवा.

पेनंट, म्हणजे अमेरिकन लीगचं विजेतेपद, १५ आहेत. पण वर्ल्ड सिरीज खेळल्या १४. इथे हमखास घोटाळा होतो. १९०२ चं पेनंट त्यांनी जिंकलं, पण वर्ल्ड सिरीजच १९०३ ला सुरू झाली. त्या रकान्यात 'पराभूत' लिहू नका, 'सिरीज नव्हती' असं लिहा.

१९०२ चीच आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅकग्रॉ या संघाला पांढरा हत्ती म्हणाला होता, म्हणजे मालकाला खड्ड्यात घालणारं लोढणं. मॅकने तोच हत्ती संघाचं चिन्ह म्हणून घेतला. पुढे मालक झालेल्या चार्ली फिन्लीने हत्ती काढून खेचर आणलं. हत्ती बाहीवर परत आला १९८८ मध्ये. जुन्या जर्सीचं वर्ष ओळखायला ही खूण बरी पडते.

तिसरा_बेस:

मॅकबद्दल 'कंजूष होता' एवढंच लिहून मोकळं होणं मला पटत नाही. त्या काळी संघाचं उत्पन्न जवळजवळ पूर्णपणे तिकीटखिडकीवर चालायचं, आणि मॅकला दुसरा धंदा नव्हता. त्यात पेनसिल्व्हेनियात रविवारी व्यावसायिक सामन्यांना बंदी. ती उठून फिलाडेल्फियात नियमित रविवारचे सामने १९३४ मध्ये सुरू झाले. कामगारांच्या शहरात आठवड्यातला सगळ्यात मोठा गल्ला तेव्हापर्यंत मिळतच नव्हता.

पहिली विक्री १९१४ नंतरची. चार पेनंट पाच वर्षांत, आणि शेवटच्या सिरीजमध्ये बोस्टन ब्रेव्ह्जकडून ०-४ असा सरळ पराभव. पण खरा दबाव फेडरल लीगचा होता. ही तिसरी लीग खेळाडूंना मोठ्या पगारांची आमिषं दाखवत होती. एडी प्लँक आणि चीफ बेंडर हे पिचर तिकडे गेले. एडी कॉलिन्सला शिकागो व्हाइट सॉक्सला ५०,००० डॉलरला विकलं. फ्रँक 'होमरन' बेकर पगाराच्या वादात १९१५ चा अख्खा हंगाम घरी बसला आणि नंतर न्यूयॉर्क यँकीजकडे गेला. परिणाम तक्त्यात दिसेलच: १९१५ ला ४३-१०९ (विजय-पराभव), १९१६ ला ३६-११७. १९१६ मध्ये एक सामना बरोबरीत सुटला होता. टक्केवारी काढताना तो वगळा, म्हणजे .२३५ येईल. १५४ ने भागलंत तर आकडा चुकेल.

दुसरी विक्री १९३२ ते १९३५. हा संघ माझ्या मते पहिल्यापेक्षाही सरस होता: जिमी फॉक्स, अल सिमन्स, मिकी कॉक्रन, लेफ्टी ग्रोव्ह. १९२९ च्या सिरीजचा चौथा सामना पाहा. विरोधी संघ शिकागो कब्ज ८-० ने पुढे, सातवी इनिंग. कब्जचा सेंटरफिल्डर हॅक विल्सनला उन्हात चेंडू दिसेना. आपल्या म्यूल हासचा एक फटका त्याच्या मागे गेला आणि तिघे धावून आले, मैदानातल्या मैदानात होमरन. एकाच इनिंगमध्ये १० धावा, सामना १०-८.

त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला. मंदीत प्रेक्षक आटले, पगार मात्र विजेत्या संघाचे. सिमन्स, हास आणि डाइक्स १९३२ मध्ये व्हाइट सॉक्सकडे, कॉक्रन १९३३ मध्ये डेट्रॉइटकडे, ग्रोव्ह त्याच डिसेंबरात बोस्टनकडे, आणि फॉक्स १९३५ मध्ये बोस्टनलाच, १,५०,००० डॉलरला. १९३५ मध्येच शाईब पार्क या घरच्या मैदानाच्या उजव्या बाजूची भिंत उंच केली, कारण विसाव्या रस्त्यावरचे घरमालक आपल्या गच्च्यांवरून तिकीट लावून सामने दाखवत होते. लोक तिला 'द्वेषाची भिंत' म्हणायचे.

मॅनेजर म्हणून मॅकचे एकूण ३,७३१ विजय आणि ३,९४८ पराभव, दोन्ही विक्रम. यात १८९४ ते १८९६ मधलं पिट्सबर्ग धरलेलं आहे. तुमच्या तक्त्यात ते यायला नको.

जुनी_स्कोअरशीट:

रविवारचा मुद्दा महत्त्वाचा आहे, चांगलं झालं आणलात.

१९५४ चं स्थलांतर त्यापुढचं. १९५० मध्ये रॉय आणि अर्ल या मॅकच्या मुलांनी बाकीच्या भागीदारांचे हिस्से मैदान गहाण टाकून विकत घेतले. त्याच वर्षी फिलीज, म्हणजे शहरातला दुसरा संघ, आपल्या लीगचं पेनंट जिंकले. दोन्ही संघ एकाच मैदानावर खेळायचे, आणि गर्दी फिलीजकडे वळली. हप्ते भरायला पैसे उरेनात. अरनॉल्ड जॉन्सनने संघ घेतला आणि १९५५ पासून कॅन्सस सिटीत नेला. जॉन्सन त्याआधी यँकी स्टेडियमचा मालक होता, आणि कॅन्सस सिटीतलं मैदानही त्याच्याच ताब्यात होतं. त्यामुळे चांगले खेळाडू यँकीजकडे गेले की लोक संशय घेत. डिसेंबर १९५९ मध्ये रॉजर मॅरिस असाच गेला, आणि १९६१ मध्ये त्याने ६१ होमरन मारले. कॅन्सस सिटीतल्या १३ हंगामांत एकदाही विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. तक्त्याचा हा भाग पटकन भरून होईल.

पिवळी_टोपी:

ओकलंडचं मी सांगतो.

जॉन्सन मार्च १९६० मध्ये वारला. त्या वर्षाअखेर विमा व्यवसायातला चार्ली फिन्ली आला. त्याने १९६३ ला हिरवा-सोनेरी गणवेश आणला आणि पहिल्यापासून दुसऱ्या शहराच्या शोधात राहिला. ओकलंडचं कोलिझियम १९६६ ला तयार झालं होतं, संघ १९६८ ला तिथे गेला. मिझुरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी बेसबॉलची मक्तेदारीविरोधी कायद्यातली सूट काढून घेण्याचा धाक दाखवला, म्हणून कॅन्सस सिटीला १९६९ मध्येच रॉयल्स हा नवा संघ मिळाला. रॉयल्स आणि अ‍ॅथलेटिक्स यांचे विक्रम एकत्र करू नका.

१९७२, ७३, ७४ सलग तीन सिरीज: रेड्स ४-३, मेट्स ४-३, डॉजर्स ४-१. पहिल्या दोन वेळा मॅनेजर डिक विल्यम्स, तिसऱ्या वेळी अल्विन डार्क. १९७२ ला फिन्लीने मिशा वाढवणाऱ्याला ३०० डॉलर देऊ केले. त्या जुन्या फोटोंतल्या मिशा तिथून आल्या.

हा संघ मोडला त्यामागे एक कलम आहे, आणि ते बहुतेक लेखांत सुटतं. कॅटफिश हंटरच्या करारात वर्षाच्या १,००,००० डॉलरपैकी निम्मी रक्कम विमा कंपनीकडे वार्षिकीत (पुढे हप्त्याने पैसे देणाऱ्या योजनेत) भरायची होती. करसवलत मिळत नाही म्हणून फिन्लीने ती भरली नाही. लवाद पीटर साइट्झ यांनी १९७४ च्या डिसेंबरात करारभंग मान्य केला, आणि हंटर मोकळा होऊन यँकीजकडे गेला. वर्षभराने साइट्झ यांनीच मेसरस्मिथ-मॅकनॅली प्रकरणात राखीव कलमाचा, म्हणजे खेळाडूला संघाशी बांधून ठेवणाऱ्या अटीचा, जुना अर्थ मोडीत काढला. आता खेळाडू फुकट जाणार हे दिसल्यावर फिन्लीने जून १९७६ मध्ये व्हायडा ब्लू यँकीजला १५ लाख डॉलरला आणि जो रूडी व रॉली फिंगर्स बोस्टनला प्रत्येकी १० लाखांना विकले. बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांनी तीन दिवसांत व्यवहार रद्द केला. त्याच हिवाळ्यात रूडी आणि फिंगर्स फ्री एजंट (करारातून मोकळे खेळाडू) म्हणून निघून गेले आणि फिन्लीच्या हाती छदामही आला नाही. मॅकला जे दोनदा करू दिलं तेच फिन्लीला का नाही, यावर आजही वाद घालता येईल. मला कून यांचा निर्णय अन्यायाचा वाटतो.

१९७९ ला ५४-१०८. १७ एप्रिलच्या सामन्याला जाहीर प्रेक्षकसंख्या ६५३. तो आकडा हजारात नाही, छपाईची चूक समजून शून्य वाढवू नका.

पुढचं भराभर: १९८० मध्ये उद्योजक हास कुटुंबाने संघ घेतला. १९८२ ला रिकी हेंडरसनचे १३० स्टील (चोरलेले बेस), हा आधुनिक काळातला विक्रम. १९८८ ते ९० सलग तीन पेनंट. १९८९ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्याआधी, १७ ऑक्टोबरला भूकंप झाला. सिरीज दहा दिवस थांबली आणि ४-० ने जिंकली. २००२ चा हंगाम १०३-५९ आणि सलग २० विजय. विसावा सामना ४ सप्टेंबरचा: ११-० ची आघाडी घालवून ११-११, मग स्कॉट हॅटेबर्गचा होमरन. प्लेऑफमध्ये मात्र मिनेसोटाकडून २-३.

डावखुरा_पिचर:

भरपूर मिळालं, धन्यवाद. दोन शंका उरल्या. १९८१ च्या ओळीत फक्त १०९ सामने दिसतात, माहिती अपुरी आहे का? आणि २०२५ चं शहर?

तिसरा_बेस:

अपुरी नाही, त्या वर्षी खेळाडूंचा संप झाला होता. हंगामाचे दोन तुकडे पडले. अ‍ॅथलेटिक्सने पहिला तुकडा जिंकला, एकूण ६४-४५. मग प्लेऑफमध्ये रॉयल्सना हरवलं आणि यँकीजकडून ०-३ हरले. १९९४ ला संपामुळे सिरीजच झाली नाही आणि २०२० ला सामने ६०. या तीन वर्षांत नुसते विजय न देता टक्केवारीसुद्धा द्या.

पिवळी_टोपी:

२०२५ साठी शहराचा रकाना 'वेस्ट सॅक्रामेंटो' भरा, पण संघाचं नाव नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स' लिहा. अधिकृत नावात तात्पुरतं शहर नाही. क्रम असा: सॅन होझेला जायचा बेत जायंट्सच्या प्रादेशिक हक्कांमुळे अडला, ओकलंड बंदरावरची हॉवर्ड टर्मिनल योजना बारगळली, २०२३ ला लास वेगासची घोषणा झाली, आणि नेव्हाडाने स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला. १६ नोव्हेंबर २०२३ ला संघमालकांनी स्थलांतर एकमताने मान्य केलं. ओकलंडमधला शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४, टेक्सासविरुद्ध ३-२ विजय. लास वेगासचं मैदान २०२८ साठी ठरलंय, तोवर वेस्ट सॅक्रामेंटोतलं सटर हेल्थ पार्क.

बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावरून आकडे उतरवत असाल तर संघाचे संक्षेप बदलतात: पीएचए, केसीए, ओएके, एटीएच. एकाच संक्षेपाने शोधलंत तर हंगाम गळतील, म्हणून फ्रँचायझीचं पान उघडा.

आणि खेळाडूंची तुलना करणार असाल तर कच्ची सरासरी वापरू नका. कोलिझियममध्ये फाउल रेषेबाहेरची जागा इतकी मोठी होती की इतर मैदानांत प्रेक्षकांत पडणारे उंच फटके तिथे झेल व्हायचे. त्याने बॅटरचं नुकसान, पिचरचा फायदा. सॅक्रामेंटोचं मायनर लीग मैदान नेमकं उलटं वागतं. २०२४ आणि २०२५ शेजारी ठेवायचे असतील तर मैदानानुसार दुरुस्त केलेले ओपीएस-प्लस (बॅटरसाठी) आणि ईआरए-प्लस (पिचरसाठी) घ्या, किंवा घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांचे रकाने वेगळे करा.