जुन्या फियाटला सुपरचार्जर बसवावा की इंजिनच बदलावे?

खटपट्या :
आमच्या घरी १९७१ सालची फियाट ११०० डी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली आणि पुढे पद्मिनी या नावाने सर्वतोमुखी झालेली तीच ही गाडी. इंजिन मूळचे, १०८९ सीसीचे, शक्ती जेमतेम ४० अश्वशक्ती. सासुरवाडी चिपळूणची असल्यामुळे कराडला परतताना कुंभार्ली घाट चढावा लागतो, आणि गाडीत चौघे असले की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकण्याची हिंमत होत नाही. वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलेला असतो.

आमचे मेस्त्री म्हणतात, मारुती जिप्सीचे इंजिन बसवा आणि मोकळे व्हा. माझा कल मात्र लहान सुपरचार्जरकडे, म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा भरून शक्ती वाढवणाऱ्या पंपाकडे आहे. ब्रिटनमध्ये हौशी मंडळी जुन्या मिनी आणि मॉरिस मायनर गाड्यांवर आयसिन कंपनीचा एएमआर ५०० हा छोटा सुपरचार्जर बसवतात, आणि ती इंजिनेही आपल्यासारखीच लहान, पुशरॉडची आहेत. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या पुलीवरून पट्ट्याने फिरणारा हा पंप उद्या नकोसा झाला, तर काढून ठेवता येतो आणि गाडी पूर्ववत होते. इंजिन बदलल्यावर तसे म्हणता येत नाही. ज्यांचे मत विरुद्ध असेल त्यांनी कारणांसह लिहावे.

सुटाभाग :
माझे मत विरुद्ध आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. चार स्ट्रोकचे १०८९ सीसी इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात फार तर ५४५ सीसी हवा ओढते. वातावरणापेक्षा सहा पीएसआय जादा दाब हवा असेल, तर त्याच्या १.४ पट, म्हणजे सुमारे ७६० सीसी हवा पुरवावी लागेल. एका फेऱ्यात ५०० सीसी देणारा पंप त्यासाठी क्रँकच्या दीडपट वेगाने फिरवावा लागेल. पंप फिरवण्यात काही शक्ती खर्ची पडते, दाबलेली हवा तापते त्यात आणखी काही जाते, आणि शेवटी हाती उरतात पन्नास-बावन्न अश्वशक्ती. एवढ्या दहा-बारा घोड्यांसाठी तीनच मेन बेअरिंगवर (क्रँकच्या मुख्य आधारांवर) तोललेल्या, पन्नाशी उलटलेल्या क्रँकवर भार टाकणे मला पटत नाही.

शिवाय आपली खरी तक्रार गाडी तापण्याची आहे. जास्त इंधन जाळले की जास्त उष्णता निर्माण होणार, आणि रेडिएटर तर तोच राहणार आहे! याउलट जिप्सी किंगचे १२९८ सीसी इंजिन इंजेक्शनच्या आवृत्तीत ८० अश्वशक्ती देते, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, त्याला पाच गिअर आहेत, आणि चारही चाकांना शक्ती वाटणारी ट्रान्सफर केस सुटी असल्यामुळे ती वगळून गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्ट सरळ मागे नेता येतो.

घाटवाट :
८० अश्वशक्ती वाचायला छान वाटतात, पण कुंभार्ली चढण्याइतकाच उतरावाही लागतो, याचा सुटाभाग यांना विसर पडलेला दिसतो. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ४० अश्वशक्तीच्या हिशेबाने आखलेल्या गाडीत दुप्पट शक्ती घालायची, म्हणजे पुढे डिस्क बसवणे आले, मागचा डिफरन्शियल तपासणे आले, डायनॅमो काढून अल्टरनेटर घालणे आले आणि इंजेक्शनसाठी टाकीपासून नवी पेट्रोलची लाइन ओढणे आले. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणजे माउंटिंगसाठी जे काही कापाल आणि वेल्डिंग कराल, ते गाडीच्या हाडांवरच. एका ओळखीच्या गाडीचे असे काम मी गॅरेजमध्ये पाहिले आहे. सहा आठवडे सांगितलेल्या कामाला चौदा महिने लागले, आणि गिअरबॉक्ससाठी मधला बोगदा इतका कापला गेला की पायाशी रस्ता दिसत असे.

दुसरी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. इंजिन क्रमांक आणि सीसी दोन्ही बदललेली गाडी आरटीओसमोर कशी उभी करणार?

सुटाभाग :
ब्रेकचा मुद्दा मान्य. डिस्क बसवल्याशिवाय जिप्सीचे इंजिन घालू नये, असे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते. पण कायद्याचा मुद्दा दुधारी आहे. सुपरचार्जरने इंजिन क्रमांक बदलत नाही म्हणून तो आपोआप कायदेशीर ठरत नाही, आणि विमा कंपनीला न कळवता बसवला तर अपघातानंतर वाद ठरलेलाच. बरे, मूळपण जपून विंटेज नोंदणी घ्यावी म्हटले, तर २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला मिळणाऱ्या त्या ‘व्हीए’ क्रमांकावर नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर उतरताच येत नाही. खटपट्या यांना तर सासुरवाडीला जायचे आहे.

कुर्लाकर :
दोघेही लांबचा रस्ता धरत आहात. प्रीमियरनेच १९८५ मध्ये ११८ एनई काढली, तिच्यात निस्सानचे ए१२ हे ११७१ सीसीचे, ५२ अश्वशक्तीचे इंजिन होते, पाच मेन बेअरिंगचे, आणि तीही मागच्या चाकांवर चालणारी गाडी. सुपरचार्जरचा सगळा उपद्व्याप करून जिथे पोचायचे, तिथे हे इंजिन पट्टा, कार्ब्युरेटरचा जेट, टायमिंग यांतले काहीही न छेडता पोचवते, आणि जुन्या ड्रमना झेपेल इतपतच शक्ती देते. इंजिन क्रमांकाची परवानगी मात्र याही वेळी घ्यावी लागेल, त्यातून सुटका नाही.

घाटवाट :
११८ एनईचे चांगले इंजिन आता मिळते कुठे? भंगारातून आणलेले पुन्हा बोअर करण्यापेक्षा स्वतःचे बोअर केलेले काय वाईट?

सुपरचार्जरच्या बाजूने एक राहून गेलेला मुद्दा नोंदवतो. जुन्या फियाटचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, आठाच्या आत आहे, म्हणून थोडा दाब वाढला तरी ठोके पडण्याची भीती कमी. हल्लीच्या पेट्रोलमधले २० टक्के इथेनॉल ऑक्टेन वाढवते, हेही पथ्यावरच पडते. मात्र त्याच इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि दाबाखाली पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक, त्यामुळे जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट आणि नवे रबरी पाइप अनिवार्य.

खटपट्या :
सर्वांचे आभार. काल मेस्त्रींकडे जाऊन कॉम्प्रेशन तपासून घेतले. तीन सिलिंडरना ११५ ते १२० पीएसआय मिळाले, चौथ्याला ८०. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजले तेव्हा चौथा १०५ वर गेला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या आहेत. तेव्हा इंजिन उतरणार हे निश्चित, आणि मी इतकी वर्षे ४० नव्हे, तिसाच्या आसपास घोड्यांनी घाट चढत होतो असे दिसते. बोअर, नव्या रिंगा-पिस्टन आणि रेडिएटरचा नवा गाभा एवढे आधी करतो. सुपरचार्जरची मागणी तूर्त नोंदवत नाही.

सुटाभाग :
उत्तम. इंजिन उतरलेच आहे तर क्रँकची जर्नल्स (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मोजून घ्या, आणि त्याच खर्चात पुढच्या ब्रेकचे लायनरही बदलून टाका. दिवाळीत चिपळूणहून परतताना तिसरा गिअर टिकला की नाही, ते मात्र याच धाग्यावर कळवा. न टिकल्यास जिप्सीच्या बाजूने मी पुन्हा लिहीन.