ऑब्सिडियनवर द्राक्षबागेच्या फवारणीची नोंदवही: कुठली प्लगिनं घालावीत?

द्राक्षवही_तासगाव (प्रश्न)

नमस्कार मंडळी. फवारणीच्या नोंदी डायरीतून काढून ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या ॲपवर आणायच्या आहेत. तासगाव तालुक्यातले १४ प्लॉट, घरी विंडोजचा लॅपटॉप, हातात अँड्रॉइड फोन. बागेत रेंज मिळेलच असं नाही, म्हणून इंटरनेटशिवाय चालायला हवं.

नेमकं हवं ते असं. टाकी भरता भरता फोनवर अर्ध्या मिनिटात नोंद व्हावी: प्लॉट, औषध, लिटरला किती मिली. तारीख आपोआप पडावी. छाटणीपासून कितवा दिवस तेही निघावं. लॅपटॉपवर एका प्लॉटचा अख्खा हंगाम एका तक्त्यात दिसावा. आणि वाचायला सगळं मराठीत.

प्लगिनांच्या (ॲपला वरून जोडायच्या सोयींच्या) यादीत शिरलं की बाहेर पडता येत नाही, इतकी ती लांब. डेटाव्ह्यू घालून बघितलं, पण रकान्याला ‘मात्रा’ नाव दिलं की तक्त्याच्या जागी चूक येते. फाइलला १२/१०/२०२५ हे नावही घेत नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कृष्णाकाठ_मिरज

दादा, दोनच प्लगिनं घ्या: नोंदीचा तयार साचा (टेम्प्लेट) भरून देणारं टेम्प्लेटर आणि नोंदींचा तक्ता काढणारं डेटाव्ह्यू. तिसरं छाटणीच्या हंगामात घालू नका. सेटिंग्ज, कम्युनिटी प्लगिन्स, तिथे रिस्ट्रिक्टेड मोड बंद, मग ब्राउझ, इन्स्टॉल आणि शेवटी एनेबल. एनेबल बऱ्याचदा राहून जातं आणि माणूस प्लगिनला दोष देत बसतो.

आधी तुमच्या दोन अडचणी. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, कारण ती फोल्डर वेगळा करणारी खूण आहे. नाव वर्ष-महिना-दिवस असं जोडरेषेनं लिहा: २०२५-१०-१२. इथे मी देवनागरी आकडे लिहितोय, पण ॲपमध्ये टाइप करताना इंग्रजी आकडेच हवेत. डेटाव्ह्यूला देवनागरी आकड्यांतली तारीख ही तारीख वाटत नाही, नुसता मजकूर वाटतो. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात.

‘मात्रा’चं कारण थोडं खोल आहे. क्वेरीत, म्हणजे तक्ता मागवायच्या आज्ञेत, रकान्याच्या नावात डेटाव्ह्यू फक्त अक्षर, आकडा, अधोरेषा, जोडरेषा आणि इमोजी स्वीकारतं. युनिकोडमध्ये ‘म’ हे अक्षर, पण त्याला लागलेला काना हे ‘चिन्ह’ आहे. म्हणून ‘म’ वाचून ते कान्याशी अडकतं. काना-मात्रा आणि जोडाक्षर नसलेलं नाव चाललंही असतं, पण असे शब्द किती मिळणार? तेव्हा प्रॉपर्टीची (फाइलच्या डोक्यावर भरायच्या माहितीच्या रकान्यांची) नावं रोमन लिपीत ठेवा: प्लॉट, डेट, ड्रग, डोस, अशी चार. तक्त्यात मराठी मथळा हवा असेल तर क्वेरीत रकान्यापुढे ‘ॲज’ लिहून दुहेरी अवतरणात ‘मात्रा’ द्या. अवतरणातला मजकूर जसाच्या तसा छापला जातो.

आता मांडणी. ‘प्लॉट’ फोल्डरमध्ये १४ फाइली, प्रत्येकीत एकच महत्त्वाची प्रॉपर्टी: फळछाटणीची तारीख, नाव ‘प्रून’. ‘फवारणी’ फोल्डरमध्ये प्रत्येक फवारणीची स्वतंत्र फाइल. एका प्लॉटच्या ५० नोंदी धरल्या तरी ७०० फाइली होतील, त्यांचा भार फोनला जाणवत नाही. एकाच लांबलचक फाइलमध्ये रोजच्या ओळी लिहीत गेलात तर पुढे गाळणी लावताना जीव जातो.

टेम्प्लेटमध्ये प्रॉपर्टींचा भाग तीन जोडरेषांनी सुरू होतो. त्या फाइलच्या अगदी पहिल्या ओळीवर हव्यात. वर एक रिकामी ओळ राहिली तरी सगळा भाग साधा मजकूर होतो. प्लॉट निवडायला टेम्प्लेटरचा ‘सिस्टिम सजेस्टर’ वापरा, औषध आणि मात्रेसाठी ‘सिस्टिम प्रॉम्प्ट’. सजेस्टरला दोन याद्या द्यायच्या: पहिली पडद्यावर दिसणारी, दुसरी फाइलमध्ये उतरणारी. दुसऱ्या यादीत प्लॉटचं नाव दुहेरी चौकोनी कंसात आणि त्याबाहेर दुहेरी अवतरणात यायला हवं, नाहीतर प्रॉपर्टीला ते लिंक म्हणून कळत नाही.

तारखेच्या साच्यात महिन्याचा ‘एम’ मोठ्या लिपीत. लहान ‘एम’ म्हणजे मिनिटं. या एका अक्षरामुळे ऑक्टोबरच्या नोंदी सदतिसाव्या महिन्यात जाऊन बसतात आणि क्वेरीला त्या सापडत नाहीत.

टेम्प्लेटच्या शेवटी ‘फाइल मूव्ह’ घाला, म्हणजे नोंद योग्य फोल्डरमध्ये योग्य नावानं जाईल. नावात तारखेबरोबर प्लॉट आणि तास-मिनिटंही ठेवा. सकाळ-संध्याकाळ एकाच प्लॉटवर दोन फवारण्या झाल्या तर दुसरी फाइल त्याच नावावर अडकते. मग टेम्प्लेटरच्या सेटिंग्जमध्ये ‘टेम्प्लेट हॉटकीज’खाली हा टेम्प्लेट जोडा. त्यानं नवी आज्ञा तयार होते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘क्विक ॲक्शन’ म्हणून तीच निवडली की पडदा खाली ओढल्यावर थेट प्लॉटची यादी येते.

कितवा दिवस? डेटाव्ह्यूत दोन तारखांची वजाबाकी ‘१ महिना, १५ दिवस’ अशी येते, आणि बागेत कुणी महिन्यात बोलत नाही. त्यापेक्षा ‘डेटफॉरमॅट’ला मोठा ‘एक्स’ देऊन दोन्ही तारखांचे सेकंद काढा, ‘नंबर’ लावून आकडे करा, वजा करा आणि ८६४०० नं भागा. पूर्ण दिवस येतात. प्लॉटची लिंक नीट असेल तर छाटणीची तारीख ‘प्लॉट’, टिंब, ‘प्रून’ एवढ्यावर मिळते, प्रत्येक नोंदीत परत लिहावी लागत नाही. छाटणीचा दिवस शून्य धरायचा की पहिला, ते आधी ठरवा. पहिला धरत असाल तर उत्तरात १ मिळवा. सल्लागार एका पद्धतीनं आणि वही दुसऱ्या पद्धतीनं मोजत असेल तर जीएच्या डिपिंगलाच (जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवण्यालाच) एक दिवस इकडचा तिकडे होईल.

प्रीतिसंगम_कराड

मिरजकरांच्या मांडणीशी सहमत, पण डेटाव्ह्यूच्या जागी बेसेस बघा. २०२५ मध्ये १.९ आवृत्तीपासून ते ऑब्सिडियनमध्येच आलं आहे, ‘कोअर प्लगिन्स’मध्ये चालू करायचं. एक फाइल म्हणजे एक ओळ, प्रॉपर्टी म्हणजे रकाना. क्वेरी लिहायची नाही, यादीतून रकाने निवडायचे. सगळ्यात मोठा फायदा असा की चुकलेली मात्रा तक्त्यातच दुरुस्त होते. डेटाव्ह्यूचा तक्ता फक्त बघायचा, दुरुस्तीला मूळ फाइल उघडावी लागते.

मर्यादा ध्यानात ठेवा. बेसेस फक्त प्रॉपर्टी वाचतं. मजकुरात दोन अपूर्णविराम (कोलन) देऊन लिहिलेली डेटाव्ह्यूची फील्डं त्याला दिसत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळी माहिती प्रॉपर्टीतच घाला, म्हणजे उद्या कुठलंही एक सोडता येईल. माझ्या मते रोजच्या तपासणीला बेसेस आणि दिवसांच्या हिशोबाला डेटाव्ह्यू, अशी वाटणी बरी पडते.

अक्षरजुळणी_वाई

मराठीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सेटिंग्जमध्ये अपिअरन्सखाली ‘टेक्स्ट फॉन्ट’ला मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी द्या. फॉन्ट आधी लॅपटॉपवर बसवलेला हवा. ओळींमधलं अंतर मुळात १.५ आहे, रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार-रुकार, त्यामुळे ओळी एकमेकींना टेकतात. १.७५ ठेवा. त्यासाठी प्लगिन लागत नाही: अपिअरन्सच्या तळाशी ‘सीएसएस स्निपेट्स’चा फोल्डर उघडा, तिथे सीएसएस फाइल ठेवा आणि त्यात ‘बॉडी’खाली ‘लाइन-हाइट-नॉर्मल’ या चलाला १.७५ द्या. चलाच्या नावाआधी दोन जोडरेषा. मग यादी ताजी करून बटण चालू करा. त्याच फाइलमध्ये इटॅलिक बंद करून टाका. या दोन्ही फॉन्टांत इटॅलिक कापच नाही, ॲप सरळ अक्षरं नुसती तिरकी ढकलतं, आणि ‘र्द्र’सारखी जोडाक्षरं वाचताना डोळ्यांवर ताण येतो. जोर द्यायचा तर रंग किंवा ठळक.

आणखी एक, शोधात न सापडणाऱ्या शब्दांचं. ‘शेतकऱ्यांनी’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. फोनचा कीबोर्ड एक प्रकार टाकतो आणि लॅपटॉपचा दुसरा, असं झालं की अर्ध्या नोंदी शोधात येत नाहीत. टॅगमध्ये तर ते अदृश्य चिन्ह येऊच देऊ नका. टॅगला रोगांची नावं अशी निवडा ज्यांत हा र नाही: भुरी, डाऊनी, करपा. डाऊनीला कुणी केवडा म्हणतं, कुणी डावणी. एकच नाव ठरवा, त्या नावाची एक नोट करा आणि बाकीची नावं तिच्या ‘अलायसेस’ प्रॉपर्टीत घाला.

येरळा_विटा

सिंकबद्दल, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवण्याबद्दल. लॅपटॉप आणि फोन जोडायला सिंकथिंग घ्या. अँड्रॉइडवरचं त्याचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ पासून बंद आहे, सिंकथिंग-फोर्क वापरा. इंटरनेट लागत नाही, फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपनं पकडला तरी दोघं एकमेकांना शोधतात. फोनवर व्हॉल्ट (नोंदींचा मुख्य फोल्डर) बनवताना ‘ॲप स्टोरेज’ नको, ‘डिव्हाइस स्टोरेज’ निवडा. ॲप स्टोरेजमधल्या नोंदी ॲप काढलं की त्याच्याबरोबर जातात, आणि सिंकथिंगला तिथे हातही घालता येत नाही. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून सिंकथिंगला वगळा.

ऑब्सिडियनचा छुपा सेटिंग्ज फोल्डर असतो, त्यात ‘वर्कस्पेस’ आणि ‘वर्कस्पेस-मोबाइल’ या दोन फाइली. कुठली खिडकी उघडी आहे ते त्यात सतत लिहिलं जातं, म्हणून तिथेच संघर्षाच्या प्रती (दोन्हीकडे एकाच वेळी बदललेल्या फाइलीच्या जादा प्रती) तयार होतात. दोन्ही सिंकथिंगच्या इग्नोर यादीत घाला. ही यादी स्वतः सिंक होत नाही, दोन्ही उपकरणांवर वेगळी घालावी लागते. आणि सिंकथिंगबरोबर दुसरी कुठलीही ड्राइव्ह सेवा त्याच फोल्डरवर चालवू नका.

फाइलचं नाव आखूड ठेवा. अँड्रॉइडवर नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट खातो, काना-वेलांटीसुद्धा. ‘फवारणी’ हा शब्दच १८ बाइटचा. म्हणजे नावामागच्या ‘टिंब एमडी’ या शेपटीचे ३ बाइट सोडले तर जास्तीत जास्त ८४ घटक. विंडोज बाइट मोजत नाही, २५५ एकक मोजतं, म्हणून लॅपटॉपवर शंभर घटकांचं मराठी नाव बिनतक्रार बनतं आणि फोनवर उतरताना अडतं.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून पुसलेली नोंद लॅपटॉपवरूनही पुसली जाते. लॅपटॉपवर सिंकथिंगचं फाइल व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखायची सोय) चालू ठेवा आणि महिन्याला एकदा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

द्राक्षवही_तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे लावलं, तक्ता आला. तीन गोष्टी अडल्या. काही ओळींत दिवसांचा रकाना रिकामा येतो. मात्रेची सरासरी निघत नाही. आणि एका नोंदीत औषधाच्या जागी ‘ऑब्जेक्ट प्रॉमिस’ असं छापलं गेलं. पुढच्या फवारणीची आठवण यावी म्हणून टास्क्स प्लगिन घालू का?

कृष्णाकाठ_मिरज

‘ऑब्जेक्ट प्रॉमिस’ म्हणजे टेम्प्लेटरच्या तारांकित आज्ञेत (जिच्या सुरुवातीला तारा असतो) ‘अवेट’ हा शब्द लिहायचा राहून गेला. उत्तर यायच्या आधीच टेम्प्लेट पुढे गेलं. सजेस्टर आणि प्रॉम्प्ट, दोन्हींच्या आधी तो लिहा.

सरासरी अडते कारण मात्रेत ‘२ मिली’ लिहिलं असणार. त्या क्षणी आकड्याचा मजकूर होतो. प्रॉपर्टीत फक्त २. मिली की ग्रॅम ते वेगळ्या प्रॉपर्टीत ठेवा, आणि सरासरी काढताना औषध आणि एकक दोन्हींची गाळणी लावा, नाहीतर मिली आणि ग्रॅम एकत्र मिसळतील.

रिकामा रकाना तीन कारणांनी येतो, याच क्रमानं तपासा. नोंदीत प्लॉटचं नाव लिंक आहे की साधा मजकूर? प्लॉटच्या फाइलचं नाव फाइल मॅनेजरमधून बदललं का? नाव बदलायचं तर ऑब्सिडियनमधूनच, म्हणजे जुन्या लिंका आपोआप सुधारतात. आणि तारीख मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत पडली का? हे शेवटचं कायमचं मिटवायला प्रॉपर्टीच्या नावाशेजारच्या चिन्हावर दाबून प्रकार ‘डेट’ करा, डोसचा ‘नंबर’. प्रकार एकदा ठरवला की सगळ्या व्हॉल्टला लागू होतो आणि तारीख दिनदर्शिकेतून निवडता येते.

टास्क्स चांगलं आहे. ‘दर १५ दिवसांनी’ अशी परत येणारी कामं त्यात नीट बसतात. पण ते फोनवर घंटा वाजवत नाही, नोट उघडली तरच काम दिसतं. आठवणीसाठी फोनचं कॅलेंडर वापरा.

त्यापेक्षा औषधांच्या नोटा करा. प्रत्येकीत लेबलवरचा काढणीपूर्व काळ, म्हणजे पीएचआय, नुसत्या दिवसांच्या आकड्यात. फवारणीच्या तारखेत तो मिळवून ‘या तारखेआधी तोड नाही’ असा रकाना काढा. औषधाचं नाव तेव्हा प्लॉटसारखंच लिंक म्हणून द्यावं लागेल, सजेस्टरच्या दुसऱ्या यादीत. निर्यातीचे प्लॉट असतील तर ग्रेपनेटसाठी (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या प्रणालीसाठी) लागणारी नोंदवही नेहमीप्रमाणे वेगळी चालू ठेवा. लेबल बदललं तर जुन्या नोटेतला आकडा बदलू नका, नवीन तारखेची दुसरी नोट करा. नाहीतर मागच्या फवारण्यांच्या तारखाही नव्या हिशोबानं सरकतील.